गळ्यातली गाठ नेमकी किती कडक? थायरॉइडची इलॅस्टोग्राफी आणि आमचा शोअर मीटर

रबरवाला | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

मी चाकणजवळ रबर मोल्डिंगच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. गॅस्केट, बुश, ऑइल सील असला माल. दिवसभर हातात शोअर मीटर. घड्याळासारखी तबकडी, खाली बोथट टाचणी. नग टेबलावर ठेवायचा, मीटर दाबायचा, काटा दाखवेल तो आकडा लिहायचा. ६० मागितलंय आणि ५३ आलं की लॉट बाजूला. पंचवीस वर्षं झाली. कडकपणा ही तुमची पहिली बायको, असं आमच्या घरी म्हणतात.

महिन्यापूर्वी दाढी करताना कंठमण्याच्या खाली उजवीकडे काहीतरी लागलं. आवंढा गिळला की वर-खाली होतं. दुखत नाही. डॉक्टरांनी मागे उभं राहून दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवली, पाणी प्यायला लावलं, म्हणाले थायरॉइडची गाठ आहे, सोनोग्राफी करून घ्या. रक्ताची तपासणी नॉर्मल आली.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात असं आहे: उजव्या भागात १८ × १२ × ११ मिमी घन गाठ, आजूबाजूपेक्षा जरा काळपट, कडा नियमित, कॅल्शियमचे ठिपके नाहीत, टायरॅड्स ४ (गाठ किती संशयास्पद दिसते त्याचा वर्ग). त्याखाली एक वेगळी ओळ: 'शिअर वेव्ह इलॅस्टोग्राफी, सरासरी ३८ किलोपास्कल.' सोबत निळ्या-हिरव्या रंगाचं चित्र.

ते किलोपास्कल बघून मी खुर्चीत सरळ बसलो. म्हणजे आतली गाठ न कापता, न टोचता तिचा कडकपणा मोजला? आमच्याकडे नग सहा मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर मीटरचा आकडा धरत नाहीत, कारण खालच्या टेबलाचा कडकपणा त्यात मिसळतो. इथे तर वर कातडी, स्नायू, शेजारी श्वासनलिका, पलीकडे धडधडणारी रोहिणी. हे मोजतात कसं? आणि कॅन्सरची गाठ कडक असते म्हणतात, माझी ३८ म्हणजे काय समजायचं? डॉक्टर तरीही सुईची तपासणी करा म्हणतात. कडक नसेल तर सुई कशाला?

घाबरलो नाहीये. (थोडा घाबरलोय.)

हापूसप्रेमी | सोमवार, रात्री ११:०५

काका, काळजी करू नका. बाकी न कापता आतला कडकपणा ओळखणं ही काही परदेशी विद्या नव्हे. आमची आजी देठाजवळ अंगठा दाबून सांगायची, हा उद्याचा, हा परवाचा. कलिंगडाला टिचकी मारणाऱ्यांचा पंथ वेगळा.

लहरी | मंगळवार, सकाळी ७:१०

हापूसप्रेमी गंमत करतायत, पण दोन्ही पंथ त्यांनी बरोबर सांगितले. इलॅस्टोग्राफीतही नेमके हेच दोन आहेत, दाबून बघणारा आणि टिचकी मारणारा. मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

दाबणारा पंथ जुना. ह्यूस्टनमध्ये जोनाथन ऑफिर आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली तो मांडला, इलॅस्टोग्राफी हा शब्दही तिथलाच. कापसाच्या गादीत कुठेतरी सरकीचा गठ्ठा राहिला असेल तर वरून हात दाबताना कळतं ना? कापूस दबतो, गठ्ठा दबत नाही. तसंच प्रोब गळ्यावर हलकेच दाबायचा, दाबण्याआधीचं आणि नंतरचं सोनोग्राफीचं चित्र ताडून बघायचं. जो भाग चेपला तो मऊ, जो जसाच्या तसा सरकला तो कडक. यात किलोपास्कल मिळत नाहीत, कारण हाताने नेमका किती दाब आत पोचला ते कुणालाच माहीत नसतं. मिळतं ते गुणोत्तर: ही गाठ शेजारच्या निरोगी थायरॉइडपेक्षा किंवा स्नायूपेक्षा किती पट कमी चेपली.

तुमच्या रिपोर्टातलं किलोपास्कल दुसऱ्या पंथाचं. खरवस डोळ्यांसमोर आणा. पहिल्या दिवसाच्या चिकाचा खरवस घट्ट, तिसऱ्या दिवसाचा लेचापेचा. दोन्ही थाळ्यांना कडेला टिचकी मारा. घट्ट खरवसातून थरथर झरकन पलीकडे जाते, लेच्यापेच्यातून रमतगमत. ती आडवी थरथर म्हणजेच शिअर वेव्ह. मशीन अल्ट्रासाउंडचा जोरदार झोत गळ्यात एका जागी सोडतं, त्याच्या रेट्याने तिथलं ऊतक काही मायक्रॉन ढकललं जातं आणि परत येतं. ही झाली टिचकी. मग थरथर किती वेगाने पसरली ते मोजायचं.

इथे एक सुंदर गोष्ट आहे. सोनोग्राफीचा नेहमीचा आवाज मऊ ऊतकातून सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो, गाठ मऊ असो की कडक, फार फरक पडत नाही. कारण तो वेग ऊतक सगळीकडून दाबलं तर किती आकसतं यावर ठरतो, आणि शरीर बहुतांशी पाणी असल्याने ते जवळपास सगळीकडे सारखंच. थरथरीचा वेग मात्र सेकंदाला १ ते १० मीटर, आणि तो आकार बदलायला ऊतक किती विरोध करतं यावर ठरतो. मऊ आणि कडक यांतला खरा फरक तिथे आहे. आपल्या बोटांना तोच फरक कळतो.

हिशेब असा: कडकपणा म्हणजे ३ गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. घनता पाण्याइतकी धरतात. तुमचे ३८ किलोपास्कल म्हणजे थरथर सेकंदाला साधारण साडेतीन मीटर वेगाने गेली. अडीच सेंटिमीटर ओलांडायला तिला सात मिलिसेकंद लागले. नेहमीच्या सोनोग्राफीत दोन चित्रांमध्ये वीस-तीस मिलिसेकंद जातात, म्हणजे डोळा उघडेपर्यंत लाट गेलेली. पॅरिसच्या माथियास फिंक, मिकाएल टँटर, बेर्कोफ यांच्या गटाने सेकंदाला हजारो चित्रं घेण्याची युक्ती वापरली आणि २००४ च्या सुमारास ही लाट धावताना पकडून दाखवली.

रबरवाला | मंगळवार, सकाळी ७:५२

लहरीसर, खरवसाने डोक्यात लख्ख उजेड पडला. पण वेगाचा वर्ग? म्हणजे वेग मोजण्यात दहा टक्के चूक झाली तर कडकपणात वीस टक्के?

लहरी | मंगळवार, सकाळी ८:०१

एकवीस. तुम्ही क्वालिटीवाले आहात हे लगेच कळतं.

रबरवाला | मंगळवार, सकाळी ८:२०

अजून एक. ३८ किलोपास्कल आमच्या भाषेत आणून बघितलं. आमचं सगळ्यांत मऊ रबरसुद्धा मेगापास्कलात मोजतात, म्हणजे हजार किलोपास्कलच्या पुढे. मग 'कडक गाठ' म्हणतात ती खोडरबरापेक्षाही कितीतरी मऊ?

सोनोताई | मंगळवार, दुपारी २:३५

हो, पुष्कळ मऊ. 'दगडासारखी' हा आम्हा डॉक्टरांचा अलंकार आहे.

मी रेडिओलॉजिस्ट, रोज गळे बघते. तुमच्या प्रश्नांना आमच्या खोलीतून उत्तर देते, कारण कागदावर ३८ लिहायला अर्धा सेकंद लागतो, पण ते ३८ येतात कसे ते बघितलं पाहिजे.

पेशंट उताणा, मानेखाली उशी. जेल भरपूर, अगदी शिल्लक राहील इतकं, कारण प्रोब कातडीवर टेकायचा आहे, दाबायचा नाही. थोडा जरी जास्त दाबला तरी खालचं ऊतक आधीच ताणलं जातं आणि आकडा वर चढतो. तुम्ही मीटर दाबता, मला हात जवळजवळ हवेत धरावा लागतो. मग सांगते, श्वास धरा, आवंढा गिळू नका. हे सांगितलं की प्रत्येकाला हमखास आवंढा येतो. शेजारच्या कॅरोटिड रोहिणीची धडधड आहेच, म्हणून मी गाठ आडवी न बघता उभ्या छेदात बघते, धक्के कमी बसतात. रंग स्थिर झाला की चित्र गोठवायचं, गाठीत सगळ्यांत कडक दिसणाऱ्या जागी गोल चकती ठेवायची, आकडा घ्यायचा. असं तीनदा, कधी पाचदा. १८, ४४, ३६ असे आले तर मी ते वाचन फेकून देते, पुन्हा करते.

गाठ थायरॉइडच्या मधल्या पट्टीत असेल, श्वासनलिकेला टेकून, तर ती खोटी कडक दिसते. तुमचं टेबल आणि पातळ नग, तेच दुखणं. गाठीत पाणी असेल तर त्या भागाचा आकडा मिळतच नाही, द्रवातून ही आडवी लाट जात नाही. कडेला अंड्याच्या टरफलासारखं कॅल्शियम जमलं असेल तर निरुपद्रवी गाठही कडक दाखवते.

आणि रंग! काही कंपन्यांच्या मशीनवर कडक म्हणजे निळं, काहींवर कडक म्हणजे लाल. पेशंट घरी जाऊन मोबाइलवर दुसऱ्या कुणाचं चित्र शोधतात आणि रात्री अकराला फोन करतात. चित्राच्या बाजूची पट्टी बघितल्याशिवाय रंगाला काही अर्थ नाही.

सगळ्यांत कडक थायरॉइड मी बघितलं ते कॅन्सरचं नव्हतं. एक बाई आल्या होत्या, ताप, गळा इतका दुखरा की प्रोब ठेवू देईनात, कानापर्यंत कळ. रंगाची पट्टी टोकाला गेली. ती थायरॉइडची सूज होती, व्हायरल तापानंतर येते ती, काही आठवड्यांत उतरली.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. 'कडक नसेल तर सुई कशाला?' सुई टायरॅड्समुळे आहे, ३८ मुळे नाही. अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजची २०१७ ची टायरॅड्स पद्धत गाठीला पाच गोष्टींचे गुण देते: घन की पाण्याची, काळपट की उजळ, आडवी की उभी, कडा कशा, आत चमकणारे ठिपके आहेत का. घनचे दोन, काळपटचे दोन, झाले चार, म्हणून टायरॅड्स ४. या वर्गात दीड सेंटिमीटर आणि वर असेल तर सुई सुचवतात. तुमची १.८. त्या पाचांत कडकपणा नाहीच.

आकडेमोड | मंगळवार, संध्याकाळी ६:४८

का नाही, हा खरा प्रश्न. कारण सुरुवातीला हे तंत्र चमत्कारच वाटलं होतं.

२००७ साली इटलीतल्या पिसाच्या रागो आणि सहकाऱ्यांनी ९२ पेशंट तपासले. ३१ जणांना कॅन्सर निघाला, त्यातल्या ३० गाठी इलॅस्टोग्राफीत कडक. ६१ जणांच्या गाठी निरुपद्रवी, त्यातली एकही त्या कडक गटात नाही. म्हणजे कॅन्सर पकडण्यात ९७ टक्के आणि निर्दोषांना सोडण्यात पैकीच्या पैकी. वैद्यकात असा निकाल लागला की आम्हा संख्याशास्त्रवाल्यांच्या पोटात गोळा येतो.

२०१० मध्ये फ्रान्समध्ये मार्सेच्या सेबाग वगैरेंनी शिअर वेव्हने किलोपास्कल मोजले. निरोगी थायरॉइड सरासरी १६, निरुपद्रवी गाठी ३६, कॅन्सरच्या १५०. उंबरठा ६५ धरला तर ८५ टक्के कॅन्सर पकडले, ९४ टक्के निर्दोष सोडले. यातली गोम सरासरीच्या शेजारी असते: निरुपद्रवींच्या ३६ मागे अधिक-उणे ३०, कॅन्सरच्या १५० मागे अधिक-उणे ९५. म्हणजे दोन्ही टोळ्या एकमेकींत घुसलेल्या. रबरवालेकाका, तुमची ३८ निरुपद्रवींच्या सरासरीजवळ आहे हे खरं, पण तिथे वावरणारे सगळेच सज्जन नाहीत.

मग २०१२ मध्ये कोरियातून मून वगैरेंचा ७०३ घन गाठींचा अभ्यास आला. त्यात साधी काळी-पांढरी सोनोग्राफी इलॅस्टोग्राफीपेक्षा सरस ठरली, आणि दोन्ही जोडूनही काही फायदा झाला नाही. उत्साह तिथे उतरला.

मला वाटतं गल्लत पेशंटच्या निवडीत आहे. पिसाच्या अभ्यासात तिघांत एकाला कॅन्सर होता, कारण ती माणसं ऑपरेशनला निघालेली. बाहेर गाठ घेऊन फिरणाऱ्यांत कॅन्सर सात ते पंधरा टक्क्यांत असतो. शंभर गाठी घ्या, दहा कॅन्सरच्या धरा. सेबागचे आकडे जसेच्या तसे लावले तर आठ-नऊ कॅन्सर सापडतील आणि नव्वद निर्दोषांतले पाच-सहा उगाच पकडले जातील. चौदा 'कडक' लोकांत पाच-सहा चुकीचे. आणि हे सोनोताईंसारखा हात असेल तर. तो सुटला आणि सोडण्याचं प्रमाण ८० वर आलं, की उगाच पकडलेले अठरा.

धनेपाणी | मंगळवार, रात्री ९:१५

एवढं सगळं करण्यापेक्षा धने रात्री भिजत घालून सकाळी अनशापोटी पाणी घ्या. आमच्या मामींची गाठ तीन महिन्यांत विरघळली.

वैद्यबुवा | मंगळवार, रात्री ९:४०

मी स्वतः आयुर्वेदाचा पदवीधर आहे आणि सांगतो, धन्याचं पाणी जरूर प्या, पण सुई चुकवू नका. मामींची गाठ पाण्याची असेल, तशा गाठी आपोआपही बसतात.

आमच्या परंपरेचा अभिमान बाळगायचाच तर या गोष्टीचा बाळगा: सुश्रुताने अर्बुदाचं वर्णन करताना गोल, स्थिर म्हणजे न हलणारं, कमी दुखणारं, मोठं, मूळ खोल गेलेलं, हळू वाढणारं आणि न पिकणारं अशी लक्षणं दिलीत. त्यातलं स्थिर आणि खोल मूळ हे दोन शब्द बोटांनी चाचपूनच कळतात. आजही सर्जन गाठ कातडीखाली सरकते की चिकटली आहे हे बघतो. नुसत्या कडकपणापेक्षा ते जास्त बोलतं.

पेशीवेडा | बुधवार, रात्री १:२० (इकडे संध्याकाळ आहे)

झोपलेल्या मंडळींना उठवायला एक विरोधाभास घेऊन आलोय. मी युरोपात पेशींची यांत्रिकी मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. कॅन्सरची गाठ कडक असते, पण कॅन्सरची पेशी मऊ असते.

खोटं वाटेल, पण आमचं मीटर तुमच्या शोअर मीटरचंच सूक्ष्म भावंड आहे, रबरवाले. अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, १९८६ चा शोध. केसाहून बारीक लवचीक पट्टी, तिच्या टोकाला टाचणी. पेशीवर टाचणी टेकवायची, काहीशे नॅनोमीटर आत दाबायची, पट्टी किती वाकली ते लेझरच्या ठिपक्यावरून वाचायचं. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी पेशंटच्या छातीतल्या पाण्यातून काढलेल्या पेशी अशा दाबून बघितल्या, तर पसरलेल्या कॅन्सरच्या पेशी शेजारच्या निरोगी पेशींपेक्षा साधारण सत्तर टक्क्यांनी मऊ. थायरॉइडचंही हेच. २०१२ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेनच्या गटाने थायरॉइडच्या निरोगी आणि कॅन्सरच्या पेशी ताडून बघितल्या, निरोगी पेशी दुप्पट-तिपटीने कडक निघाल्या.

मऊ का? पेशीला आतून ताठ ठेवणारा धाग्यांचा सांगाडा कॅन्सरमध्ये विस्कटतो. आणि मऊ असणं त्या पेशीच्या सोयीचंही आहे, फटीतून निसटायला बरं पडतं.

मग गाठ कडक कशाने? पेशींच्या मधल्या मालामुळे. पॅपिलरी कॅन्सर, थायरॉइडच्या कॅन्सरमधला सगळ्यांत जास्त आढळणारा, आपल्याभोवती कोलॅजेन नावाच्या धाग्यांचं चिवट गच्च जाळं विणवून घेतो, शिवाय कॅल्शियमचे बारीक कण साठवतो. मऊ फळांची पेटी काथ्याने करकचून बांधावी तसं. सोनोताईंचं मशीन काथ्या मोजतं, माझं मशीन फळ. दोघंही खरं सांगतात.

२०१२ मध्येच स्वित्झर्लंडच्या बासेलमधून स्तनाच्या बायोप्सीवर काम आलं. नुकताच काढलेला तुकडा टाचणीने हजारो जागी दाबून बघितला. निरुपद्रवी गाठीत कडकपणाच्या आलेखाला एकच उंचवटा. कॅन्सरमध्ये आलेख पसरलेला, त्यात मऊ टोकाला एक ठळक उंचवटा. म्हणजे ओळख सरासरीत नव्हतीच, विखुरलेपणात होती.

रबरवाला | बुधवार, सकाळी ७:३०

पेशीवेडा, तुमचा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. आमच्याकडे नवीन पोरं लॉटची सरासरी काढून खूश होतात. नगांचे आकडे ५२, ६८, ५५, ६५ असले तरी सरासरी ६० च! असा लॉट मी डोळे झाकून परत पाठवतो, मिक्सिंग नीट झालेलं नसतं. मग माझ्या रिपोर्टात नुसती सरासरी का?

सोनोताई | बुधवार, दुपारी १:१०

तुमच्या मूळ चित्राच्या कोपऱ्यात बघा, कमाल, किमान आणि विचलनही छापलेलं असतं. रिपोर्ट टाइप करताना एकच आकडा उचलतात. काही जण सरासरी धरतात, काही कमाल. म्हणूनच एका अभ्यासाचा उंबरठा चाळिशीच्या आत असतो आणि दुसऱ्याचा ऐंशीच्या वर.

अनघा_ठाणे | बुधवार, दुपारी ३:४५

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. माझ्या धाकट्या बहिणीची गाठ तीन सेंटिमीटरची होती, मऊ. तपासणाऱ्या डॉक्टरांनी तेव्हा इलॅस्टोग्राफीचा हिरवा रंग दाखवून सांगितलं, काही नाही, कॅन्सर असता तर कडक लागली असती, वर्षाने या. आम्ही पेढे वाटले नाहीत एवढंच.

वर्षाने गाठ वाढली म्हणून दुसरीकडे गेलो. सुई केली, बेथेस्डा ४ आलं (सुईचा निकाल सहा वर्गांत देतात, त्यातला हा धड इकडे ना तिकडे असा). त्यांनी स्वच्छ सांगितलं की सुईलाही यापुढचं कळणार नाही, अर्धी थायरॉइड काढून बघावी लागेल. काढली. फॉलिक्युलर कॅन्सर. आता ठीक आहे, गोळी चालू, नोकरी चालू. पण मला तो हिरवा रंग विसरता येत नाही. मऊ गाठ फसवते का? इथल्या जाणकारांनी सांगावं.

सोनोताई | बुधवार, रात्री ८:५५

अनघा, लिहिलंत ते फार बरं केलंत. हो, फसवते, आणि ठरावीक ठिकाणी फसवते.

पेशीवेडांचा काथ्या आठवा. फॉलिक्युलर कॅन्सर काथ्या फारसा विणत नाही. तो दाटीवाटीने बसलेल्या पेशींचा गोळा असतो, भोवती कवच. त्याचा निरुपद्रवी भाऊ, फॉलिक्युलर अ‍ॅडिनोमा, हुबेहूब तसाच. दोघांत फरक एवढाच की कॅन्सर कवच फोडून बाहेर किंवा रक्तवाहिनीत शिरलेला असतो. ते कवच पूर्ण कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय दिसत नाही. सुई कवचाच्या आतल्या चार पेशी ओढते, तिला कवचाची खबर नसते. दाबून बघणाऱ्याला तर नसतेच.

म्हणजे जिथे आम्हाला मदत सगळ्यांत जास्त हवी असते, बेथेस्डा ३ आणि ४ मध्ये, तिथेच कडकपणा मुका होतो. आणि जिथे तो मोठ्याने ओरडतो, पॅपिलरीत, तिथे बारीक ठिपके, वेड्यावाकड्या कडा, उभट आकार हे बहुतेक वेळा साध्या चित्रातच दिसलेले असतात. त्याला टायरॅड्समध्ये जागा मिळाली नाही त्याचं माझ्या मते हे खरं कारण. फ्रान्समधल्या रुस यांच्या टायरॅड्समध्ये कडकपणा एक लक्षण म्हणून घेतला होता, पण २०१७ च्या युरोपीय पद्धतीत तो नुसता पूरक म्हणून उरला.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत चूक मशीनची नव्हती. तीन सेंटिमीटरच्या घन गाठीला नुसत्या रंगावर वर्षभर सोडायचं नसतं. कडक लागली तर माझा संशय वाढतो. मऊ लागली म्हणून मी एकही सुई रद्द करत नाही.

आकडेमोड | बुधवार, रात्री ९:३०

+१. हे शेवटचं वाक्य धाग्याच्या माथ्यावर लावा.

सुवॉनवासी | गुरुवार, सकाळी ६:०५

कोरियात नोकरीला आहे, इकडची दुसरी बाजू सांगतो. इथे इतर तपासण्यांबरोबर हौसेने थायरॉइडची सोनोग्राफी करायची लाट आली होती. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं, एका वर्षात चाळीस हजारांवर माणसं. मृत्यूंचं प्रमाण मात्र हललं नाही. म्हणजे सापडत होते ते बहुतेक न सापडले तरी चालणारे. २०१४ मध्ये इथल्या डॉक्टरांच्या एका गटाने जाहीरपणे हे थांबवा म्हटल्यावर ऑपरेशनं एकदम घटली. शेजारच्या जपानात कोबेच्या कुमा हॉस्पिटलात १९९३ पासूनच एक सेंटिमीटरच्या आतले पॅपिलरी कॅन्सर नुसते नजरेखाली ठेवतात. दहा वर्षांत तीन मिलिमीटर वाढले असे साधारण आठ टक्के.

तेव्हा कॅन्सर आहे की नाही यापेक्षा तो काही करणार आहे का, हा प्रश्न मला मोठा वाटतो. कडकपणा त्याचं उत्तर देतो का?

पेशीवेडा | गुरुवार, दुपारी ४:४०

त्याच्याच मागे बरेच जण आहेत. कडक जाळं नुसतं बसून नसतं, ते आतल्या पेशींना 'पसरा' असे इशारेही देतं, हे स्तनाच्या कॅन्सरमध्ये उंदरांवर चांगलं दाखवलं गेलंय. पण आज कोबेतल्या माणसाला किलोपास्कल बघून 'तुमची वाढेल, तुमची नाही' असं सांगता येत नाही.

हापूसप्रेमी | गुरुवार, संध्याकाळी ५:१५

धागा कुठून कुठे गेला! काका, सुई झाली का?

रबरवाला | पुढचा मंगळवार, रात्री १०:१०

झाली. इंजेक्शनपेक्षा बारीक सुई, सोनोग्राफीत बघत तीन वेळा आत-बाहेर. दुखलं कमी, ठणकलं दोन दिवस. काचपट्टीवर मधासारखं काहीतरी पसरवलं.

आज रिपोर्ट आला. बेथेस्डा २, निरुपद्रवी, कोलॉइडची गाठ. वर्षाने पुन्हा सोनोग्राफी. घरी शिरा झाला.

अनघाताई, तुमच्या पोस्टमुळे मी सुई टाळली नाही. ३८ आकडा बघून मनात तेच चाललं होतं, की मऊच आहे, राहू दे. बहिणीला नमस्कार सांगा.

सोनोताई, पुढच्या वर्षी गेल्यावर काय बघायला सांगू? परत किलोपास्कल मोजू का?

सोनोताई | पुढचा मंगळवार, रात्री १०:३५

अभिनंदन! आधी आकार. तीन मापांपैकी दोन वीस टक्क्यांनी आणि किमान दोन मिलिमीटरने वाढली तर त्याला वाढ म्हणायचं. आणि चित्रात नवीन काही, ठिपके किंवा कडा, दिसतंय का. किलोपास्कल मोजायचेच असतील तर त्याच मशीनवर, शक्यतो त्याच हाताने. दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे शेजारी मांडू नका. आणि जुन्या चित्रांची सीडी न्या, नुसता कागद नको.

रबरवाला | पुढचा मंगळवार, रात्री १०:४१

मशीनचं नाव, मॉडेल, प्रोबचा नंबर आणि तारीख वहीत लिहून ठेवलंय.

हापूसप्रेमी | पुढचा मंगळवार, रात्री १०:४४

आता फक्त त्यांच्याकडे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागू नका, बाहेर काढतील.

रबरवाला | पुढचा मंगळवार, रात्री १०:४६

मागितलं होतं. काढलं.